लीजनेअर्सचा रोग व इमारतमालकाचे दायित्व

रोग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रोगी, वैद्य आणि औषध ही तिन्ही उभी राहतात. परंतु ज्या रोगाविषयी येथे लिहावयाचे योजिले आहे, त्याच्या कथेत आणखी एक पात्र आहे, आणि ते म्हणजे इमारतीचा मालक. हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाही. तो डासांनी पसरत नाही, अन्नातून येत नाही. तो येतो इमारतीच्या नळांतून, टाक्यांतून आणि वातानुकूलनाच्या यंत्रांतून. म्हणजेच माणसाने बांधलेल्या, माणसाच्या ताब्यात असलेल्या आणि कोणीतरी सांभाळावयाच्या वस्तूंतून. यास्तव तेथे वैद्यकाच्या पाठोपाठ न्यायालयही येते.

इ. स. १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्यास दोनशे वर्षे पुरी झाली. ज्या फिलाडेल्फिया शहरात स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, त्याच शहरात त्या वर्षी २१ ते २४ जुलै या दिवसांत अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या पेनसिल्व्हेनिया शाखेचे अधिवेशन भरले. लीजन म्हणजे मूळची रोमन पलटण, आणि लीजनेअर म्हणजे तिचा शिपाई. दोन हजारांहून अधिक मंडळी जमली होती. मुख्य ठिकाण होते ब्रॉड स्ट्रीटवरील बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हे १९०४ साली उघडलेले भव्य हॉटेल. अधिवेशन संपले, मंडळी आपापल्या गावी गेली, आणि दोनचार दिवसांतच एकेकाच्या मृत्यूची वार्ता येऊ लागली. तीव्र ताप, खोकला, छातीत वेदना आणि न्यूमोनिया. रोगी निरनिराळ्या गावांच्या रुग्णालयांत विखुरलेले असल्यामुळे प्रत्येक डॉक्टरला आपला रोगी हा एकटाच वाटे. ही सर्व माणसे एकाच हॉटेलात वावरली होती, हे सूत्र जुळण्यास काही दिवस लागले. एकंदर २२१ जण आजारी पडले, आणि त्यांपैकी ३४ दगावले.

ह्यांत काही लोक असे होते की, ज्यांनी त्या हॉटेलात पाऊलही टाकले नव्हते. ते केवळ बाहेरच्या पदपथावरून गेले होते, किंवा तेथे घटकाभर उभे राहिले होते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढे दायित्वाचा प्रश्न येईल तेव्हा ती फार महत्त्वाची ठरणार आहे.

कारण मात्र सापडेना. त्या वर्षी अमेरिकेत डुकरांच्या फ्लूची मोठी धास्ती होती, म्हणून प्रथम संशय त्याच्यावर गेला. तो खोटा ठरला. मग निकेल या धातूच्या विषाची शंका आली. कोणी घातपाताचीही कुजबुज केली. अ‍ॅटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्रातील जोसेफ मॅकडेड या शास्त्रज्ञाने ऑगस्टमध्येच मृतांच्या फुप्फुसांतील अंश गिनिपिगांना टोचून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. त्यात काही काडीसारखे जंतू त्याला दिसलेही होते. परंतु ते बाहेरून मिसळले असावेत असे समजून त्याने ते सोडून दिले. डिसेंबरच्या अखेरीस, नाताळच्या सुट्टीत बाकीचे लोक घरी असताना, मनाला लागलेली टोचणी स्वस्थ बसू देईना म्हणून तो पुन्हा त्याच काचपट्ट्या घेऊन बसला. या वेळी त्या काड्यांचे पुंजके त्याला आढळले. रोगमुक्त झालेल्यांच्या रक्तद्रवाशी त्यांचा संबंध जुळला, आणि १८ जानेवारी १९७७ रोजी मॅकडेड व त्याचे वरिष्ठ चार्ल्स शेपर्ड यांचा शोध जाहीर झाला. पुढे या जंतूस ‘लीजनेला न्यूमोफिला’ असे नाव मिळाले. न्यूमोफिला म्हणजे फुप्फुसाची आवड असणारा. नाव मोठे समर्पक आहे.

त्याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. शोध लागल्यावर केंद्रात जपून ठेवलेले जुने नमुने पुन्हा तपासण्यात आले. १९६८ साली मिशिगन प्रांतातील पाँटिअॅक गावी एका कचेरीतील १४४ माणसे तापाने आजारी पडली होती. मृत्यू एकही झाला नाही; पण चौकशीस आलेले अधिकारीही त्या इमारतीत वातानुकूलन सुरू होताच तापाने पडले! यंत्रातील सदोष भागातून दूषित पाण्याचे तुषार हवेच्या नळ्यांत शिरत होते. कारण तेव्हा उमगले नव्हते. आता कळले की, तोही हाच जंतू. फुप्फुसास न ग्रासता केवळ ताप आणणारे त्याचे ते सौम्य रूप. त्यास आज ‘पाँटिअॅकचा ताप’ म्हणतात. आणि ती कचेरी कोणाची होती? त्या जिल्ह्याच्या आरोग्यखात्याची!

आता हा जंतू राहतो कसा ते पाहू. नद्या, तळी, ओलसर माती यांत तो अल्प प्रमाणात सर्वत्र आहे, आणि तेथे तो कोणास फारसे उपद्रव देत नाही. २० ते ४५ अंश सेंटिग्रेड उष्णतेचे, साचलेले पाणी त्यास फार मानवते. २० अंशांखाली तो निद्रिस्तासारखा राहतो. ६० अंशांच्या पाण्यात तो फार काळ जगत नाही. नळांच्या व टाक्यांच्या आतील बाजूस जो बुळबुळीत थर जमतो, गंज चढतो, गाळ बसतो, त्यात त्याला आश्रय व अन्न मिळते. त्याच थरात अमीबा नावाचे एकपेशीय प्राणी असतात. ते जंतूंना गिळतात. पण हा जंतू गिळला गेल्यावर मरत नाही, उलट अमीबाच्या पोटातच वाढतो आणि अखेर त्यालाच फोडून बाहेर पडतो. आपल्या फुप्फुसांतील रोगजंतू खाणाऱ्या पेशींशीही तो नेमका असाच वागतो. तळ्यातल्या अमीबापाशी शिकलेली विद्या तो मनुष्याच्या शरीरात चालवतो, असे म्हटले तरी चालेल.

साचलेले दूषित पाणी नुसते असून भागत नाही. त्याचे अतिसूक्ष्म तुषार होऊन ते श्वासावाटे आत जावे लागतात. स्नानाचा फवारा, शोभेचे कारंजे, बुडबुड्यांचे स्नानकुंड, आणि सर्वांत मोठे साधन म्हणजे शीतकरणाचा मनोरा, यांतून असे तुषार उठतात. मोठ्या इमारतीतील वातानुकूलन-यंत्र खोल्यांतील उष्णता पाण्यास देते. ते कोमट पाणी गच्चीवरील मनोऱ्यात वरून खाली शिंपडतात, व पंख्याने खालून वर हवा खेचतात. थोडे पाणी वाफ होऊन जाते, उरलेले थंड होऊन पुन्हा खाली फिरते. पंख्याच्या झोताबरोबर काही थेंबही बाहेर उडतात. ते अडविण्यासाठी आतल्या बाजूस पडदे बसवितात. ते मोडके असले वा मुळीच नसले, तर गच्चीवरून दिवसरात्र अदृश्य धुके शहरावर उतरत राहते. फ्रान्समधील पा-द-कॅले विभागात २००३-०४ च्या हिवाळ्यात ८६ जणांना हा रोग झाला, आणि एका रासायनिक कारखान्याच्या मनोऱ्यातील तुषार निदान सहा किलोमीटरपर्यंत गेल्याचे आढळले. तेथे साथ ओसरत असता मनोरा जोरदार फवाऱ्याने धुण्यात आला, आणि त्या धुण्यानेच आणखी जंतू हवेत उडून रोगाची दुसरी लाट आली. स्वच्छतेलाही रीत असते, ती अशी.

हा रोग मुख्यतः पन्नाशीपुढील, धूम्रपान करणाऱ्या, किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती मूळचीच क्षीण आहे अशांना गाठतो. संसर्गापासून साधारण दोन ते दहा दिवसांत, क्वचित त्याहून उशिरा, लक्षणे दिसतात. दर दहा रोग्यांत सुमारे एक दगावतो. पेनिसिलिनचा येथे उपयोग नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन यांसारखी औषधे वेळेवर दिल्यास रोगी बरा होतो. वैद्यकाचा भाग एवढ्यावर आटोपून आता आपण मालकाकडे वळू.

बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्डच्या चालकांना जंतूचे नावही ठाऊक नव्हते; जगात कोणालाच नव्हते. तरीही गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली, आणि बहात्तर वर्षे चाललेले ते हॉटेल १९७६ च्याच नोव्हेंबरात बंद पडले. अज्ञात संकटासाठी कोणास दोषी धरता येत नाही, हे न्यायाचे तत्त्व आपणांस पटते. परंतु १९७७ नंतर ते संकट अज्ञात राहिले नाही. कायद्याच्या दृष्टीने सर्व भेद येथे पडतो. ज्याला कळले आहे, किंवा ज्याला कळावयास हवे होते, त्याने काय केले?

इंग्लंडात १९७४ सालचा एक कायदा आहे, कामाच्या ठिकाणचे आरोग्य व सुरक्षितता यांविषयीचा. त्यात धंदा चालविणाऱ्यावर केवळ आपल्या नोकरांचेच नव्हे, तर आपल्या व्यवसायामुळे ज्यांना धोका पोहोचू शकेल अशा इतर सर्वांचे रक्षण करण्याचे कर्तव्य घातलेले आहे. पदपथावरून जाणारा वाटसरूही त्यात आला. या कलमाचा अर्थ लावणारा प्रसिद्ध निकाल याच जंतूच्या संबंधात झाला. लंडनच्या सायन्स म्यूझियमच्या शीतकरण-मनोऱ्यांची निगा नीट राखली जात नाही, त्यातील पाण्यावर योग्य प्रक्रिया होत नाही, असे निरीक्षकांना आढळले, आणि विश्वस्तांवर खटला झाला. आजारी कोणीच पडले नव्हते. बचावाचे म्हणणे असे की, जंतू बाहेरच्या हवेत गेले व कोणी ते श्वासावाटे घेतले हे आधी सिद्ध करा. १९९३ साली अपील न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. कायद्यातील ‘धोका’ या शब्दाचा अर्थ अनर्थाची शक्यता असा आहे, अनर्थ घडलाच पाहिजे असा नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. उच्च इयत्तांतील विद्यार्थ्यांनी या एका शब्दावर थोडा विचार करावा. विहिरीस कठडा नाही हा दोष मूल पडल्यावर उत्पन्न होत नाही; तो आधीचाच असतो.

पण माझ्या मते या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रकरण बॅरो-इन-फर्नेसचे आहे. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील हे जहाजबांधणीचे गाव. तेथील नगरपरिषदेचे ‘फोरम २८’ नावाचे कलाकेंद्र गावाच्या मध्यभागी होते. नाटके, गाणी, सभा, सर्व तेथे होत. त्याच्या वातानुकूलन-यंत्राचे तोंड शेजारच्या एका बोळावर उघडत असे, आणि बाजारहाटास जाणाऱ्या माणसांची त्या बोळातून सतत वर्दळ असे. २००२ च्या उन्हाळ्यात सुमारे १८० जण आजारी पडले, आणि सात माणसे मृत्युमुखी पडली. त्यांनी काय केले होते? पिशवी घेऊन बोळ ओलांडला होता, इतकेच.

चौकशीत जे निघाले ते एखाद्या भयंकर दुष्कृत्यासारखे मुळीच नव्हते. ते कचेरीतल्या फायलीसारखे रूक्ष होते. यंत्रातील पाण्यावर प्रक्रिया करण्याचा जो करार होता, तो बंद झाला होता आणि त्याच्या जागी नवी व्यवस्था झालेली नव्हती. परिषदेच्या वास्तुविभागाची प्रमुख अधिकारी आणि स्वतः परिषद या दोघांवर मनुष्यवधाचा आरोप ठेवण्यात आला. ब्रिटनमध्ये स्थानिक संस्थेवर असा आरोप येण्याचा तो पहिला प्रसंग होता. परिषद त्या आरोपातून २००५ साली सुटली. तेव्हाच्या इंग्रजी कायद्याप्रमाणे संस्थेला मनुष्यवधासाठी दोषी ठरवावयाचे तर तिचा जणू मेंदूच असा एखादा वरिष्ठ मनुष्य स्वतः दोषी आहे असे दाखवावे लागे. संस्था जितकी मोठी, तितका असा एकच मेंदू सापडणे कठीण. अधिकारीही पुढे मनुष्यवधाच्या आरोपातून मुक्त झाली. तथापि १९७४ च्या कायद्याखाली दोघेही दोषी ठरले, आणि २००६ साली परिषदेस १ लक्ष २५ हजार पौंड व अधिकाऱ्यास १५ हजार पौंड दंड झाला.

यावर मतभेद होऊ शकतील. परिषदेचा दंड भरला तो गावकऱ्यांच्याच तिजोरीतून. म्हणजे ज्यांचे आप्त गेले त्यांच्याही खिशातून. शिवाय एका अधिकाऱ्यावर एवढा भार टाकणे कितपत न्याय्य, असा प्रश्न कोणी करील. मला वाटते, तो प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर अधिकाऱ्याला मोकळे सोडणे हे नसून, तिच्या वर बसलेल्यांना विचारणे हे आहे. करार संपत असता त्याची विचारपूस करणारा दुसरा मनुष्य त्या व्यवस्थेत का नव्हता? कायद्यालाही ही उणीव जाणवली असावी. बॅरोसारख्याच, आणि रेल्वे-अपघातांसारख्या, इतर अनेक प्रकरणांत संस्था निसटत असल्यामुळे ब्रिटिश संसदेने २००७ साली नवा कायदा केला. त्यान्वये एका व्यक्तीचा मेंदू शोधण्याऐवजी वरिष्ठांनी कारभार कसा चालविला, त्यात घोर हयगय होती काय, हे पाहिले जाते. तो २००८ पासून अमलात आला.

न्यूयॉर्कचा अनुभव निराळ्या प्रकारचा आहे. २०१५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये साउथ ब्राँक्स भागात १३८ जणांना हा रोग झाला व १६ जण मृत्यू पावले. रोग्यांच्या शरीरातील जंतू आणि निरनिराळ्या मनोऱ्यांतील जंतू यांची आनुवंशिक घडण ताडून पाहता, तो एका हॉटेलच्या गच्चीवरील मनोऱ्यातील जंतूशी जुळला. पूर्वी मालक म्हणू शकत असे की, जंतू जगात सर्वत्र आहे, माझ्याच गच्चीवरून आला कशावरून? ही पळवाट या नव्या शास्त्राने बरीचशी बुजविली आहे. परंतु त्या वेळी नगराच्या कारभाऱ्यांना आणखी एक गोष्ट उमगली. शहरात एकूण असे मनोरे किती व कोठे आहेत, याची यादीच कोणापाशी नव्हती! ऑगस्टमध्येच कायदा झाला. प्रत्येक मालकाने मनोऱ्याची नोंद करावी, ठरलेल्या मुदतीत तपासणी करावी, वर्षाकाठी दाखला द्यावा, न केल्यास दंड. आणि त्याच शरदात ब्राँक्सच्याच मॉरिस पार्क भागात पुन्हा १५ रोगी निघाले. तेथील मनोरे दोन महिन्यांपूर्वीच निर्जंतुक केले होते. एकदा धुतले म्हणजे झाले, असे या जंतूच्या बाबतीत म्हणता येत नाही.

मग मालकाने करावयाचे तरी काय? शहाण्या मालकाचे पहिले काम म्हणजे आपल्या इमारतीत पाणी कोठून येते, कोठे साठते, कोठे तापते आणि कोणत्या नळीच्या टोकाशी ते आठवडेच्या आठवडे पडून राहते, याचा नकाशा काढणे. ब्रिटिश मार्गदर्शनानुसार थंड पाणी २० अंशांखाली, साठविलेले गरम पाणी निदान ६० अंशांवर, आणि नळातून येताना ते निदान ५० अंश असावे. जे नळ वापरात नाहीत ते आठवड्यातून एकदा तरी वाहते करावे. आंधळ्या नळ्या, म्हणजे पुढे कोठेच न जाणाऱ्या, कापून टाकाव्यात. या सर्वांसाठी एक मनुष्य नावानिशी नेमलेला असावा, त्यास ज्ञान व अधिकार दोन्ही असावेत, आणि त्याने केलेल्या प्रत्येक तपासणीची तारीखवार नोंद वहीत असावी. बाहेरच्या ठेकेदारास काम दिले म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. काम ठेकेदाराकडे जाते, कर्तव्य मालकाकडेच राहते. न्यायालयात ती वही हाच मालकाचा खरा साक्षीदार असतो. आणि वही नसली, तर तिचे नसणे हीच त्याच्याविरुद्धची साक्ष.

आपल्या वाचकांपैकी थोड्यांच्याच घरी शीतकरण-मनोरा असेल. परंतु गच्चीवरची टाकी बहुतेकांची आहे, आणि आपल्या उष्ण हवेत तीतील पाणी वर्षाचा बहुतेक काळ २० अंशांच्या वरच असते. आमच्या गोव्याकडील जुन्या घरांत न्हाणीत तांब्याचे भाण असे. विहिरीचे उदक रोज काढावयाचे, लाकडांच्या जाळावर तापवावयाचे, आणि त्याच दिवशी संपवावयाचे. त्यात पाणी साचून राहण्यास वावच नव्हता. भाण गेले, गीझर आला; सोय झाली, पण त्याबरोबर साठवण आली. विजेच्या बचतीसाठी टाकीचा गीझर ४० अंशांवर लावून ठेवणे, म्हणजे जंतूस मानवणारीच उष्णता त्यास पुरविणे होय. तो ६० अंशांवर ठेवावा. मात्र इतके पाणी लहान मुलांचे अंग भाजून काढील, यास्तव बालदीत आधी थंड पाणी घेऊन मगच त्यात गरम सोडावे. टाकीस घट्ट झाकण असावे, आणि वर्षातून निदान एकदा ती रिकामी करून घासावी. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर गावाहून परतल्यावर, किंवा जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी, बंद राहिलेले सर्व नळ काही मिनिटे वाहू द्यावेत. फवाऱ्याची चाळणी त्या वेळी काढून बाजूस ठेवावी, म्हणजे तुषार न उडता पाणी सरळ मोरीत जाईल.